दप्तराचा फटका: गोव्यातला एक खटला आणि बाल अत्याचाराची व्याख्या

फेब्रुवारी २०१३ मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या आवारात एका माणसानं एका विद्यार्थ्याला दप्तरानं मारलं. दप्तर त्या माणसाच्या स्वतःच्या मुलाचं होतं. फिर्याद झाली, गुन्हा नोंदला गेला. भारतीय दंड संहितेच्या नेहमीच्या कलमांच्या जोडीला त्यात गोवा बाल कायदा, २००३ मधलं बाल अत्याचाराच्या शिक्षेचं कलम ८(२) लागलं. पणजीच्या बाल न्यायालयानं त्या माणसाला दोषी ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातही बाल अत्याचाराचा ठपका पुसला गेला नाही. तो शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुसला. तोवर साडेबारा वर्षं उलटली होती. मार खाल्लेला मुलगा केव्हाच सज्ञान झाला असणार.

मला हा खटला महत्त्वाचा वाटतो तो त्यातल्या कलम ८(२) मुळे. मुलाला मारणं चूक, याबद्दल कुठल्याही न्यायालयात दुमत नव्हतं. सगळा वाद एवढाच होता की, झालं ते 'साधी दुखापत' या सदरात बसतं की 'बाल अत्याचार' या सदरात. हा प्रश्न कागदी नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३२३ खाली साध्या दुखापतीला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. गोवा बाल कायद्याच्या कलम ८(२) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. शिवाय 'मुलावर अत्याचार करणारा' हा शिक्का आहे, आणि तो नोकरीधंद्यात, वाड्यावर, गावात जन्मभर सोबत राहतो.

व्याख्येत नेमकं काय आहे

देशात मुलांसाठी कायदे पुष्कळ आहेत, पण 'बाल अत्याचार' म्हणजे काय हे सरळ व्याख्या करून सांगणारे फार थोडे. पोक्सो कायद्यात लैंगिक गुन्ह्यांच्या तपशीलवार व्याख्या आहेत, पण तो लैंगिक गुन्ह्यांपुरताच. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये हेळसांड झालेलं मूल, छळ झालेलं मूल असे उल्लेख येतात, पण हेळसांड कशाला म्हणायचं हे तिथे वेगळं सांगितलेलं नाही. गोव्याच्या कायद्यानं मात्र कलम २ मध्ये ही व्याख्या दिली आहे, आणि ती चांगली ऐसपैस आहे.

तिचं पहिलं वाक्यच वजनदार आहे. बाल अत्याचार म्हणजे मुलाला दिलेली वाईट वागणूक, मग ती सवयीची असो वा नसो. पुढे त्या वागणुकीचे चार प्रकार येतात. पहिल्यात मानसिक आणि शारीरिक छळ, हेळसांड, क्रूरता, लैंगिक अत्याचार आणि भावनिक दुर्वर्तन असं सगळं एकत्र आहे. दुसऱ्यात माणूस म्हणून मुलाची जी अंगभूत किंमत आणि प्रतिष्ठा असते, ती कमी करणारी, तिचा पाणउतारा करणारी कुठलीही कृती येते; शब्दांनी केलेलीसुद्धा. तिसरा प्रकार अन्न, निवारा यांसारख्या जगण्याच्या मूलभूत गरजांपासून मुलाला अवाजवीपणे वंचित ठेवण्याचा. चौथा जखमी मुलाला ताबडतोब वैद्यकीय उपचार न देण्याचा, ज्यामुळे त्याच्या वाढीवर गंभीर परिणाम झाला, कायमचं अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला.

व्याख्या इतकी रुंद का, हे गोव्याचा इतिहास पाहिला की कळतं. मडगावात मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. आश्रमातल्या मुलांचं लैंगिक शोषण आणि त्यांना परदेशी पर्यटकांच्या हवाली करणं, असं त्या प्रकरणाचं स्वरूप होतं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या प्रकरणानं गोवा हादरलं होतं. २००३ चा कायदा वाचताना त्याच्या खुणा जागोजागी दिसतात. कुटुंबातल्या किंवा नात्यातल्या माणसांबरोबर नोंद असल्याशिवाय हॉटेलच्या खोलीत मुलाला प्रवेश देऊ नये, मुलांची अश्लील छायाचित्रं धुलाईला आली तर स्टुडिओवाल्यानं पोलिसांना कळवावं, अशा तरतुदी त्यात आहेत. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की शोषण करणारा माणूस मुलाचा पालकच असेल असं नाही. तो मदतीला आलेला, खाऊ देणारा, ओळख वाढवणारा कुणीही असू शकतो.

म्हणूनच कलम ८(२) ची सुरुवात 'जो कोणी' अशी आहे. दप्तराच्या खटल्यात हा मुद्दा फार निर्णायक ठरला, तरी त्याची चर्चा कमी झाली. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ बघा. मुलाला मारणं, टाकून देणं, छळणं, हेतुपुरस्सर हेळसांड करणं याला तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. पण ते लागू होतं ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा किंवा ज्याचं मुलावर नियंत्रण आहे अशा माणसाला. शाळेच्या आवारात दुसऱ्याच्या मुलाला मारणाऱ्या माणसाकडे ना ताबा होता, ना नियंत्रण. त्यामुळे हीच घटना गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या बांद्याच्या एखाद्या शाळेत घडली असती तर ती साध्या मारहाणीच्या कलमांपलीकडे सहसा गेली नसती. सीमा ओलांडली की तीच कृती बाल अत्याचाराच्या व्याख्येच्या दारात येऊन उभी राहते.

सर्वोच्च न्यायालयानं काय म्हटलं

न्यायालयाच्या विचाराचा गाभा असा. बाल अत्याचाराचा गुन्हा व्हायला मुलाला इजा करण्याचा, त्याच्याशी क्रूरपणे वागण्याचा, त्याचं शोषण करण्याचा किंवा त्याला वाईट वागवण्याचा हेतू लागतो, आणि कृती भांडणाच्या भरातल्या क्षणिक कृतीच्या पुढची असावी लागते. जाणूनबुजून किंवा सातत्यानं दिलेल्या वाईट वागणुकीचा पुरावा नसताना दप्तराचा एक साधा फटका बाल अत्याचारात बसत नाही. कलम ८ चा रोख गंभीर स्वरूपाच्या अत्याचारांवर आहे. साध्या भांडणातल्या किरकोळ, एकट्यादुकट्या घटनेला त्यात ओढू नये. या विचारानं कलम ८(२) खालची शिक्षा रद्द झाली. साध्या दुखापतीचा दोष राहिला, पण त्यासाठीही तुरुंगात न पाठवता १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यात आलं.

निकाल मला पटतो. एका फटक्यासाठी माणसावर तो शिक्का मारणं हे त्या व्याख्येच्या जन्मामागच्या कारणाशी विसंगत झालं असतं. व्याख्या एवढी ताणली की तिचं गांभीर्यच उरत नाही. पोलीस ठाण्यात 'अहो, शेजाऱ्यांच्या भांडणातसुद्धा हे कलम लावतात' असं एकदा म्हटलं जाऊ लागलं की खऱ्या अत्याचाराच्या फिर्यादीकडेही त्याच नजरेनं पाहिलं जातं.

माझी काळजी निकालामागच्या कारणांबद्दल आहे, कारण खालच्या न्यायालयांत उद्धृत होतात ती कारणं. व्याख्येच्या पहिल्याच वाक्यात 'सवयीची असो वा नसो' असं आहे. म्हणजे एकदाच घडलेली गोष्टसुद्धा बाल अत्याचार असू शकते, हे विधिमंडळानं स्वतः लिहून ठेवलं आहे. मग सातत्याचा पुरावा नाही म्हणून गुन्हा नाही, असं वाचन त्या शब्दांशी कसं जुळवायचं? एकच मार्ग दिसतो. न्यायालयानं 'जाणूनबुजून किंवा सातत्यानं' असा विचार मांडला आहे, आणि त्यातला 'किंवा' जपला पाहिजे. एकदाच केलेली, पण जाणूनबुजून केलेली क्रूर कृती व्याख्येत राहतेच. गरम उलथन्याचा एक चटका हा काही भांडणातला क्षण नव्हे. बचाव पक्षाचा वकील उद्या म्हणेल की चटका एकदाच दिला, सातत्य कुठे आहे? त्याला उत्तर व्याख्येच्या पहिल्या ओळीतच आहे, आणि ते सरकारी वकिलानं वाचून दाखवलं पाहिजे.

तेच शब्द, दुसरा देश

फिलिपिन्सच्या १९९२ च्या बाल संरक्षण कायद्यातली बाल अत्याचाराची व्याख्या गोव्याच्या व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते. तिथेही वाईट वागणूक 'सवयीची असो वा नसो'. तेच चार प्रकार, त्याच क्रमानं. उपचारांबद्दलचा चौथा प्रकारही तोच. गोव्याचा कायदा त्यानंतर ११ वर्षांनी आला. योगायोगानं तिथे खटलाही असाच घडला. मे २००० मध्ये लेगास्पी शहरात एका धार्मिक मिरवणुकीच्या वेळी एका बापानं १२ वर्षांच्या मुलाला पाठीत मारलं आणि थोबाडीत दिली. त्या मुलानं आपल्या मुलींना त्रास दिला, असं त्याला कळलं होतं. खालच्या न्यायालयांनी त्याला बाल अत्याचाराबद्दल दोषी धरलं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते बदलून किरकोळ दुखापतीचा गुन्हा ठेवला. मुलावर उगारलेला प्रत्येक हात म्हणजे बाल अत्याचार नाही, मुलाची प्रतिष्ठा धुळीला मिळवण्याचा हेतू सिद्ध व्हायला हवा, अशी त्यामागची भूमिका होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाची २०२५ ची भूमिका याच्या अगदी जवळची आहे.

पण तिथली गोष्ट २०१३ ला संपली नाही, आणि आपल्याला शिकण्यासारखं आहे ते पुढे. त्या निकालानंतर प्रत्येक खटल्यात 'पाणउतारा करण्याचा हेतू होता का' हा प्रश्न विचारला जाऊ लागला, अगदी सरळसरळ शारीरिक छळाच्या खटल्यांतही. २०२० मध्ये एका शिक्षिकेनं दहा वर्षांच्या विद्यार्थ्याला मारल्याचं, चिमटे काढल्याचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात आलं. बचावाचा मुद्दा हाच होता की पाणउताऱ्याचा हेतू सिद्ध झालेला नाही. तेव्हा न्यायालयानं स्पष्ट केलं की, तो विशिष्ट हेतू सरसकट प्रत्येक प्रकाराला लागत नाही. कायद्याच्या ज्या तरतुदीत तो मागितला आहे तिथे तो लागतो, किंवा दोषारोपातच कृतीचं वर्णन मुलाची प्रतिष्ठा कमी करणारी असं केलं असेल तर लागतो. शारीरिक छळाचा प्रकार त्याच्या त्याच्या कसोटीवर तपासायचा. शिक्षिकेची शिक्षा कायम राहिली.

आपण आज तिथल्या २०१३ च्या टप्प्यावर आहोत, असं मला वाटतं. दुसऱ्या टप्प्यावर पोचायला आपल्यालाही सात वर्षं लागू नयेत.

वर्गातली पट्टी

दप्तराच्या निकालाआधी अडीच वर्षं, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याच व्याख्येचा एक वेगळा खटला होता. २०१४ मध्ये प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या दोन बहिणी, एक पाच वर्षांची, दुसरी आठ. धाकटीनं दुसऱ्या मुलीच्या बाटलीतलं पाणी प्यायल्यावरून शिक्षकानं तिला मारलं आणि तिला बघायला आलेल्या थोरलीलाही मारलं, असा आरोप होता. बाल न्यायालयानं एक दिवसाची कैद आणि एक लाख रुपये दंड सुनावला. एक दिवस आणि एक लाख! कृती किरकोळ आहे असं न्यायालयाला वाटत होतं, पण व्याख्येतून सुटका दिसत नव्हती, हे या जोडीतूनच कळतं. न्यायमूर्ती भरत देशपांडे यांनी उच्च न्यायालयात ती शिक्षा रद्द केली. प्राथमिक शाळेत मुलांना शिस्त लावणं नेहमीचं आहे, आणि अशा क्षुल्लक आरोपांच्या भीतीखाली शिक्षक राहिले तर शाळा चालवणं अवघड होईल, असं त्यांचं निरीक्षण होतं.

इथे मात्र माझं मत वेगळं आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं, आणि खुद्द गोवा बाल कायद्यानंही शाळांतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. रस्त्यावरच्या भांडणातला अनोळखी माणूस आणि वर्गातला शिक्षक यांना एका मापानं मोजता येत नाही. शिक्षकाकडे अधिकार आहे. मुलाला वर्ग सोडून जाता येत नाही. चाळीस जणांसमोर मार बसतो तेव्हा अंगाला लागतं त्याहून जास्त मनाला लागतं, आणि व्याख्येचा दुसरा प्रकार नेमका त्याबद्दल बोलतो. प्रत्येक पट्टी बाल अत्याचार ठरावी असं मी म्हणत नाही. पुरावा कच्चा असेल तर शिक्षकाला सोडलंच पाहिजे. पण 'शिस्त' हा शब्द उच्चारला की व्याख्येचा विचारच थांबवायचा, हे कायद्याच्या मजकुराला धरून नाही. शिस्तीसाठी मारायला कायद्यानंच बंदी केली आहे. ज्याला बंदी आहे ते नेहमीचं आहे म्हणून माफ कसं होईल?

हेळसांड: जिथे हेतू शोधून सापडत नाही

दप्तराच्या निकालाचा खरा परिणाम मारहाणीच्या खटल्यांवर होणार नाही, हेळसांडीच्या खटल्यांवर होईल, अशी मला भीती आहे. मारहाण ही कृती असते, तिच्यामागचा हेतू शोधता येतो. हेळसांड म्हणजे जे करायला हवं होतं ते न करणं. तिथे 'मुलाला इजा करण्याचा हेतू' जवळजवळ कधीच सापडत नाही.

समजा, घरकामासाठी ठेवलेली बारा वर्षांची मुलगी बाथरूममध्ये पडली आणि तिचा हात मोडला. घरच्यांनी तिला हळद लावली, पट्टी बांधली आणि 'बरं होईल' म्हणून आठवडाभर कामाला लावलं. हाड वाकडं जुळलं, हात कायमचा अधू झाला. तिला अधू करावं असं घरात कुणाच्याही मनात नव्हतं. दवाखान्यात नेलं तर विचारपूस होईल, वय कळेल, एवढाच विचार होता. व्याख्येचा चौथा प्रकार शब्द न् शब्द या घटनेला लागू पडतो: जखमी मूल, ताबडतोब उपचार नाहीत, कायमचं अपंगत्व. त्या मजकुरात हेतूचा उल्लेखही नाही. पण दप्तराच्या निकालातलं 'हेतू लागतो' हे वाक्य तोडून इथे आणून ठेवलं तर हा प्रकार निकामी होतो. निकाल फटक्याबद्दल होता, न केलेल्या उपचारांबद्दल न्यायालयापुढे काहीच नव्हतं. हा फरक युक्तिवादात पहिल्याच दिवशी मांडावा लागेल.

चौथ्या प्रकाराच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. तो 'जखमी' मुलाबद्दल आहे. तापानं फणफणलेलं, जुलाबानं कोरडं पडलेलं मूल आजारी असतं, जखमी नसतं. त्याला दवाखान्यात न नेणं चौथ्या प्रकारात बसवायला गेलं तर खटला अडखळेल. ते पहिल्या प्रकारातल्या 'हेळसांड' या शब्दाखालीच घ्यावं लागेल. शिवाय चौथ्या प्रकाराला गंभीर परिणाम लागतो. नशिबानं मूल वाचलं, बरं झालं, तर तो लागू होत नाही. पहिला मात्र होऊ शकतो. दोषारोपपत्रात नुसतं 'कलम ८(२)' लिहून मोकळं होण्याची पद्धत इथे घातक ठरते. व्याख्येतला कुठला प्रकार, कुठल्या कृतीबद्दल, हे सांगितलं नाही तर न्यायालय सगळ्याला एकच कसोटी लावणार, आणि हातात आयती असलेली कसोटी आता हेतूची आहे.

तिसऱ्या प्रकारातही एक शब्द सांभाळून वाचावा लागतो: 'अवाजवीपणे'. घरात सगळेच अर्धपोटी असतील तर मुलाला उपाशी ठेवल्याचा आरोप आईवर येऊ नये, यासाठी तो आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्येही असंच कवच दिलं आहे. जन्मदात्या आईबापांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं, तर ते हेतुपुरस्सर मानलं जात नाही. गरिबी आणि हेळसांड यांची गल्लत होऊ नये याची कायद्यानं घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते, कारण प्रत्यक्षात संशय सगळ्यात आधी गरिबाच्या दारात जातो. बंगल्यातल्या एकाकी, भेदरलेल्या मुलापर्यंत तो फार उशिरा पोचतो.

हेळसांडीच्या बाबतीत आणखी एक रस्ता आहे, आणि तो शिक्षेच्या आधी चालायचा असतो. बाल न्याय कायद्याच्या कलम २(१४) मध्ये 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' कोण ते सांगितलं आहे. ज्या माणसाजवळ मूल राहतं त्यानं त्याला इजा केली, त्याचं शोषण केलं, छळ केला किंवा हेळसांड केली, तर ते मूल त्यात येतं. तिथे गुन्हेगाराचा हेतू कुणी विचारत नाही. प्रश्न मुलाच्या स्थितीचा असतो. १०९८ वर फोन करून कुणीही नागरिक हे कळवू शकतो. मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं, आणि त्याला घरीच ठेवायचं, नातेवाइकांकडे द्यायचं की बालगृहात न्यायचं, हे समिती चौकशी करून ठरवते. मघाच्या उदाहरणातल्या मुलीसाठी हा फोन पहिल्या दिवशी झाला, तर हाताचं हाड सरळ जुळू शकतं. कलम ८(२) चा खटला त्यानंतरही चालवता येतो.